वळणापलीकडचे दिसले पाहिजे

नमस्कार श्रोतेहो. खेड्यांना जोडणाऱ्या आपल्या मुख्य रस्त्यांवरची धोक्याची वळणे सरळ करणे आणि अरुंद भाग रुंद करणे, या कामाविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

हा विषय नागपुरातून मांडण्याला जुने कारण आहे. डिसेंबर 1943 मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद याच शहरात भरली आणि तिथे ठरलेली वीस वर्षांची रस्ते योजना आजही ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही वर्गवारी त्या योजनेची देणगी आहे. दर 100 चौरस किलोमीटर क्षेत्रामागे 16 किलोमीटर रस्ता, हे तिचे उद्दिष्ट होते. त्या काळी गावापर्यंत रस्ता पोहोचवणे हाच मोठा प्रश्न होता, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बंडीच्या जुन्या वाटांवरच आधी मुरूम, मग गिट्टी आणि शेवटी डांबर चढत गेले. ती वाट धुऱ्याधुऱ्याने जात असे, शेत संपले की काटकोनात वळत असे, आणि बैलांच्या चालीला त्यात काहीच अडचण नव्हती. आज त्याच काटकोनात एसटी, कोळशाचा टिप्पर आणि दुचाकी एकाच वेळी येतात.

वाहनाला वळणाबाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 40 किलोमीटरऐवजी 80 किलोमीटर वेगाने तेच वळण घेतले तर तो जोर चौपट होतो. म्हणूनच भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांनुसार सपाट प्रदेशातील प्रमुख जिल्हा मार्ग ताशी 80 किलोमीटर वेगासाठी आखताना वळणाची त्रिज्या साधारणपणे 230 मीटर धरतात आणि वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात. जुन्या वळणांवर नुसता डांबराचा नवा थर टाकताना ही उंची दिली गेली नाही, तर गुळगुळीत झालेला रस्ता पूर्वीपेक्षा अधिक घातक ठरतो, कारण वेग वाढलेला असतो आणि उतार मात्र चुकीच्या बाजूला असतो.

तरीही माझ्या मते वळणाचा खरा धोका त्याच्या आकारापेक्षा दृष्टीच्या अडथळ्यात असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला समोरचा अडथळा ओळखून ब्रेकवर पाय ठेवण्यासाठी मानकांनी अडीच सेकंद धरले आहेत, आणि तेवढ्यात गाडी 55 मीटर पुढे गेलेली असते. सुरक्षित थांबण्यासाठी एकूण 120 मीटर अंतर दिसले पाहिजे. आता 230 मीटर त्रिज्येच्या वळणाचा हिशेब केला, तर आतल्या बाजूला गाडीच्या वाटेपासून जवळजवळ आठ मीटरपर्यंत नजर मोकळी राहिली पाहिजे, असे उत्तर येते. चालकाच्या डोळ्याची उंची यासाठी 1.2 मीटर धरतात. आपल्याकडे वळणाच्या आतल्या शेतात बहुधा पऱ्हाटी किंवा तूर असते. उन्हाळ्यात तेच रान रिकामे असते, वळणापलीकडची बंडीसुद्धा दुरून दिसते आणि पाहणी करणाऱ्याला त्या जागी काहीच वावगे वाटत नाही. दिवाळीच्या सुमारास मात्र पऱ्हाटी छातीला लागते, तूर माणसाच्या डोक्यावर जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कापसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. वळणाची पाहणी पीक उभे असताना झाली पाहिजे, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे. अनेक ठिकाणी सगळा रस्ता हलवण्याची गरज पडणार नाही. आतल्या बाजूची थोडी पट्टी रीतसर मोबदला देऊन घेतली आणि तिथे गवताखेरीज काही वाढू दिले नाही, तरी मोठा धोका टळेल.

रस्ता सरळ केला की अपघात थांबले, असे मात्र कोणी समजू नये. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यू ग्रामीण भागातले होते, आणि त्या वर्षीचे सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले. रस्त्याची बहुतेक लांबी सरळच असते हे खरे, पण सरळ रस्त्यावर वेग वाढतो हेही तितकेच खरे. चार वळणांपैकी तीन काढली आणि चौथे भूसंपादन रखडले म्हणून तसेच राहिले, तर त्या चौथ्याकडे वाहने पूर्वीपेक्षा जास्त वेगाने येतात. लांब सरळ भागाच्या शेवटी येणारे वळण सर्वांत आधी हाती घ्यावे, आणि ते घेता येत नसेल तर अलीकडचा भाग सरळ करण्याचीही घाई करू नये. निधी संपला म्हणून अर्धवट सोडलेले सरळीकरण मला मुळीच न केलेल्या कामापेक्षा वाईट वाटते.

रुंदीकरणाचेही तसेच आहे. एकपदरी रस्ता 3.75 मीटरचा असतो आणि एसटी बस अडीच मीटरच्या आसपास रुंद असते, त्यामुळे समोरासमोर आलेल्या दोन मोठ्या वाहनांना साइडपट्टीवर उतरावेच लागते. आपल्या काळ्या मातीत ही पट्टी पावसाळ्यात खचते, डांबराची कड वीतभर उंच राहते, आणि तिच्यावरून चाक घसरले की दुचाकीस्वाराला तोल सावरता येत नाही. दुपदरी रस्ता सात मीटरचा करताना जुन्या भरावाला पायऱ्या कापून नवा भराव थराथराने दाबला नाही, तर काळी माती फुगते, आकसते, नवा भाग वेगळा बसतो आणि सांध्यावर लांबच लांब भेग पडते. मोटारसायकलचे चाक तिच्यात बरोबर अडकते. शिवाय लांब वाहनाची मागची चाके वळणावर आतून जातात, म्हणून 61 ते 100 मीटर त्रिज्येच्या दुपदरी वळणावर आणखी 0.9 मीटर रुंदी लागते. रस्ता सात मीटर आणि पुढची मोरी जुनीच अरुंद, अशी स्थिती तर कुठेही ठेवू नये. रात्रीच्या वेळी त्या मोरीचे कठडे फार उशिरा दिसतात.

जमीन जाते ती शेतकऱ्याची. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाच्या हिशेबाने येणाऱ्या रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम आहे, तरी सरळ आखणीने शेताचे दोन तुकडे पडतात तेव्हा बैल पलीकडे न्यायचे कसे, हा प्रश्न पैशाने सुटत नाही. जुने चिंच-कडुनिंब वळणाच्या बाहेरच्या कडेला असतील तर त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. पण सरळ भागात एका बाजूची झाडे राखून दुसऱ्या बाजूने रुंदी वाढवता येते, आणि ती तशीच वाढवावी. मागे उरलेल्या जुन्या वळणाचे एक टोक बंद करून तिथे एसटीचा थांबा केला, तर प्रवासी मुख्य रस्त्यावर उभे राहणार नाहीत. दोन्ही टोके उघडी ठेवली, तर मात्र दोन नवे धोक्याचे चौक तयार होतात.

आखणीची मोजणी आपल्या शिवारात येईल त्या दिवशी, श्रोतेहो, गावकऱ्यांनी तिथे अवश्य हजर राहावे. पीक कुठे नजर अडवते, शाळेची मुले कुठे रस्ता ओलांडतात, हे अभियंत्यांना आपल्याइतके कोण सांगणार? आणि पाण्याची वाट आवर्जून दाखवावी. जुना रस्ता पुष्कळदा नाल्याला वळसा घालूनच गेलेला असतो. सरळ केलेला रस्ता उंच भरावाने तो नाला कापतो, आणि पुरेशी मोरी नसेल तर वरच्या अंगाच्या शेतांत पाणी साचते. ती मोरी नकाशावर कुठे आहे आणि किती गाळ्यांची आहे, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण भराव आणि डांबर पडल्यानंतर ती बसवायची म्हटले तर नवा रस्ता फोडावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा वेगळी मंजुरी आणावी लागते.