ड्यूररनं काढलेली आई

(कॅमेऱ्यासमोर. मागे चित्राची मोठी प्रत.)

नमस्कार. आज एकच चित्र बघायचंय. रंग नाहीत, नुसता कोळसा आणि कागद. उंची जेमतेम ४२ सेंटिमीटर. मूळ चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

(क्लोज-अप: गळा)

गळ्यापासून सुरुवात करू. शिरा बघा कशा ताणल्यात, खालची हाडं कशी वर आलीत. गाल पार आत गेलेत, म्हणून नाक जास्तच धारदार दिसतं. ओठ घट्ट मिटलेले. डोळे मोठे, पण आपल्याकडे बघत नाहीत.

ही बार्बरा. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एका सोनाराची बायको आणि चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची आई. साल १५१४, महिना मार्च.

तिला १८ मुलं झाली. त्यातली मोठी होईपर्यंत जगली तीन. प्लेग, मोठमोठी दुखणी, गरिबी, तिनं काय काय सोसलं ते ड्यूररनंच लिहून ठेवलंय. नवरा १५०२ मध्ये गेला, त्यानंतर दोनेक वर्षांनी ती या मुलाकडे राहायला आली. १५१३ मध्ये एका सकाळी ती इतकी आजारी पडली, की तिला उठून दारही उघडता येईना. घरच्यांना दार फोडून आत जावं लागलं. त्यातून ती उठली नाही, पण वर्षभर तग धरून राहिली. हे चित्र त्याच वर्षातलं.

मला पहिल्यांदा हे चित्र निर्दय वाटलं होतं. स्वतःच्या आईचे गाल थोडे भरून काढले असते तर काय बिघडलं असतं? मग त्याचा १५०२ चा ससा आठवला. तिथे एकेक केस सावकाश रंगवलाय. इथे तो धीर नाही. डोक्यावरच्या कापडाच्या रेघा बघा, भराभर ओढल्यात. सगळं लक्ष चेहऱ्यावर आहे, आणि तिथली एकही सुरकुती त्यानं सोडलेली नाही. आई जशी समोर बसली होती तशीच त्याला हवी होती. आता मला यात मायाच दिसते.

(कॅमेरा वरच्या अक्षरांकडे)

इथे कोळशानंच लिहिलंय: ही आल्ब्रेख्त ड्यूररची आई, वय ६३.

त्याच्याखालचा मजकूर मात्र शाईचा आहे, नंतर लिहिलेला. दोन महिन्यांनी, मे मध्ये, ती गेली. ड्यूररनं हा कागद पुन्हा काढला आणि ती कोणत्या वारी, किती वाजता गेली ते त्यावर लिहिलं.