मुंबई ते लंडन : अंतर तेच, वेळ वेगळी

पृथ्वीगोलावर मुंबईला आणि लंडनला एकेक टाचणी टोचून दोहोंमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबी समुद्र ओलांडून बलुचिस्तान, इराण, काकेशस आणि युक्रेन या प्रदेशांवरून युरोपात शिरतो. हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टीने रेघ मारली, तर ती इराणच्या आखातावरून, इराक आणि तुर्कस्तानमार्गे जाते. ती डोळ्यांना सरळ दिसत असली, तरी पृथ्वी गोल असल्यामुळे प्रत्यक्षात दोऱ्याच्या वाटेपेक्षा लांबची ठरते.

सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला पोहोचले, तेव्हा २९ ऑगस्टला मुंबईचा किनारा सोडून त्यांना १४ दिवस झाले होते. त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला उतरले. आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आणणारे ते उड्डाण आपल्या वाहतुकीच्या इतिहासात आजही मानाने सांगावे असे आहे.

आज हेच अंतर विमान कुठेही न थांबता साधारण नऊ ते दहा तासांत कापते. परंतु जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. विमाने ज्या दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट वारे वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर विशेष असतो. लंडनकडे जाणाऱ्या विमानाला ते समोरून अडवतात, तर मुंबईकडे परतणाऱ्याला मागून रेटतात, म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

वाऱ्याइतकाच परिणाम सरहद्दींचाही होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. त्या वेळी भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून दक्षिणेचा वळसा घ्यावा लागला. दिल्लीच्या मानाने मुंबईला त्याची झळ कमी बसली, तरी आपला ताणलेला दोरा दोन ठिकाणी तुटला, हे खरेच.

घड्याळांचा हिशोब निराळाच आहे. लंडन उन्हाळ्यात मुंबईच्या साडेचार तास, तर हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते; मुंबईहून सकाळी सातला सुटलेले विमान दहा तास उडूनही उन्हाळ्यात तेथील साडेबारालाच पोहोचते. ब्रिटनमधील घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे केली जातात, म्हणून त्या दिवसांत घरच्या माणसांना आणायला विमानतळावर जाणाऱ्याने बोटांवर तास मोजण्याऐवजी तिकिटावर छापलेली उतरण्याची स्थानिक वेळ पाहावी.