गाळ, सॅल्व्हेज आणि एक्सेस: पुरानंतरच्या क्लेमचा हिशेब

[दृश्य: चिपळूणची बाजारपेठ. अर्धं वर केलेलं शटर, आत घोट्याएवढा गाळ.]

निवेदन:

26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021. चिपळूणच्या व्यापाऱ्याला या दोन तारखा कुणी आठवून द्याव्या लागत नाहीत.

वाशिष्ठी सह्याद्रीवरून उतरते आणि थोड्याच अंतरात दाभोळच्या खाडीला मिळते. घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस कोसळला की काही तासांत लोंढा शहरात येतो. कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत उतरतं. खालून गोवळकोटपर्यंत भरती चढते, आणि 2021 चा पूर ऐन पौर्णिमेच्या तोंडावर, उधाणाच्या दिवसांत आला. मधल्या पात्रात गाळ. शहरातून वाहणाऱ्या शिवनदीला अशा वेळी वाशिष्ठीत शिरायला वाटच राहत नाही, मग तिचं पाणी बाजारपेठेत पसरतं.

तिकडे महाडला सावित्रीचं तेच. ती महाबळेश्वरातून येते, आणि त्या दिवशी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता.

पाणी ओसरतं, गाळ उपसला जातो. त्यानंतर सुरू होतो तो विम्याच्या क्लेमचा वाद, आणि तो महिनोन्‌महिने चालतो.

[दृश्य: टेबलावर पॉलिसीचे कागद, बोट एका ओळीवर.]

निवेदन:

वादाची सुरुवात बहुतेक वेळा एका शब्दावरून होते: एक्सेस. कुठे डिडक्टिबल म्हणतात. नुकसानीतला जो पहिला हिस्सा दुकानदाराने स्वतः सोसायचा, तो. आगीच्या जुन्या स्टँडर्ड पॉलिसीत दहा कोटींपर्यंतच्या जोखमीला पूर, वादळ, दरड अशा नैसर्गिक आपत्तीसाठी हा हिस्सा क्लेमच्या 5 टक्के, आणि किमान 10,000 रुपये, असा आहे. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आल्या. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता सूक्ष्ममध्ये, पाच ते पन्नास कोटी लघुमध्ये. त्यांतला एक्सेस वेगळा असू शकतो. तुमच्या शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशीलपत्रावर, छापलेला आकडा तोच तुमचा आकडा. शेजारच्या दुकानदाराला काय कापलं यावरून अंदाज बांधू नका.

पॉलिसी मुळात हातात हवी. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, घेतलेल्या कित्येक दुकानदारांचा विमा बँक परस्पर उतरवते, दुकानदाराकडे असते ती पासबुकातली हप्त्याची नोंद. पावसाळ्याआधी बँकेकडून संपूर्ण प्रत मागून घ्या आणि तीन गोष्टी वाचा. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत एस.टी.एफ.आय., म्हणजे वादळ आणि पुराचं संरक्षण, हप्ता कमी करण्यासाठी वगळता येतं. ते वगळलेलं नाही ना? गोदामाचा पत्ता लिहिलाय का? दुकान बाजारपेठेत आणि गोदाम खेंडीत असेल, आणि पॉलिसीत फक्त दुकान असेल, तर गोदामातल्या मालाला एक रुपया मिळत नाही. तिसरी गोष्ट विमा रक्कम. खरा पैसा तिथेच जातो, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

[दृश्य: पाटीवर खडूने आकडे लिहिले जात आहेत.]

निवेदन:

किराणा मालाचा एक घाऊक व्यापारी धरू. बँकेला मार्चमध्ये दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून विमा झाला 12 लाखांचा. जुलैत गणपतीचा माल भरायला सुरुवात होते, आणि पुराच्या दिवशी दुकानात 20 लाखांचा माल होता. त्यातला 10 लाखांचा भिजला. भिजलेल्यातून 50 हजार वसूल होण्यासारखे आहेत, हे झालं सॅल्व्हेज. उरले साडेनऊ लाख.

आता अ‍ॅव्हरेज लागतो. विमा जितका अपुरा, भरपाईही त्याच प्रमाणात कमी, असा हा नियम. वीसचा माल बारावर उतरवलाय, म्हणजे विमा 60 टक्केच. साडेनऊ लाखांचे 60 टक्के म्हणजे 5 लाख 70 हजार. शेवटी जुन्या पॉलिसीचा 5 टक्के एक्सेस, 28,500. हातात 5 लाख 41 हजार 500.

ज्या एक्सेसवरून सर्व्हेअरशी, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या माणसाशी, भांडण होतं तो साडेअठ्ठावीस हजारांचा. अ‍ॅव्हरेजने नेलेत 3 लाख 80 हजार, आणि त्याबद्दल पुरानंतर काहीही करता येत नाही. सूक्ष्म आणि लघु पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. इथे तूट 40 टक्क्यांची आहे, त्यामुळे ती सवलत कामाची नाही. जूनमध्येच एजंटला सांगून विमा रक्कम वाढवून घ्यायची, एन्डॉर्समेंट (पॉलिसीत लेखी बदल) करून, हाच उपाय. दोन-तीन ठिकाणी माल फिरत असेल तर फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या ठिकाणांना मिळून एकच विमा रक्कम, विचारा.

क्रमही तपासा. एक्सेस सगळ्यात शेवटी, मंजूर झालेल्या रकमेवर. सर्व्हेअरच्या एखाद्या असेसमेंटमध्ये, म्हणजे नुकसानीच्या हिशेबात, तो मूळ 10 लाखांवर मोजून 50 हजार धरलेला दिसला, तर वरच्या हिशेबात 21,500 रुपये जास्त गेले. तसंच, जुन्या स्टँडर्ड पॉलिसीत एक्सेस ‘प्रत्येक घटनेला, प्रत्येक विमाधारकाला’ असं स्पष्ट लिहिलंय. एकाच पॉलिसीत दुकान आणि गोदाम दोन्ही असतील, आणि एकाच पुरात दोन्ही बुडाले, तर किमान 10,000 दोनदा कापणं त्या कलमात बसत नाही. कलमाचा क्रमांक देऊन लेखी हरकत घ्या. उलट, पाणी ओसरलं, दुकान धुतलं आणि आठवड्याने दुसऱ्या पुराने परत भरलं, तर त्या दोन घटना. म्हणून पाणी कधी शिरलं आणि कधी उतरलं याच्या वेळा लिहून ठेवलेल्या असाव्यात.

[दृश्य: भिंतीवरची गाळाची रेघ, शेजारी उभी मोजपट्टी. कॅमेरा जवळ.]

निवेदन:

ही रेघ दोन-तीन दिवसांत पुसली जाते, कारण पहिला पाइप तिच्यावरच मारला जातो. धुण्याआधी जमिनीपासून मोजपट्टी लावून फोटो घ्या, प्रत्येक भिंतीचा, दुकानाची पाटी दिसेल असा एक. किती उंचीपर्यंतचे कप्पे बुडाले हे या एका रेघेवरून ठरतं. मालाचं प्रमाण ठरवताना सर्व्हेअर तीच पाहतो.

कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनने आणि ईमेलनेही, आणि क्लेम नंबर घ्या. जुन्या पॉलिसीत नुकसानीचा लेखी तपशील 15 दिवसांत द्यायचा असतो. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत क्लेमला जोडावी, पण त्याने सर्व्हे झाला असं होत नाही.

सर्व्हेअर येण्याआधी माल फेकू नका, आणि कुजू देऊ नका. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी, त्यामुळे कोरडा माल वर काढा, ओला वेगळा लावा. साखर विरघळून जाते; मग सर्व्हेअर विचारतो, पोती किती होती? रिकामी गोणपाटं आणि आतल्या पिशव्या धुऊन मोजून ठेवा, ब्रँडप्रमाणे गठ्ठे बांधून. तांदूळ फुगतो, दुसऱ्या दिवशी वास सुटतो. नगरपालिका तो उचलून नेत असेल तर त्याआधी पोती मोजतानाचा व्हिडिओ घ्या आणि उचलल्याचा कागद मागा. सिमेंट आतल्या आत दगड होतं, त्याला सॅल्व्हेज जवळजवळ शून्य. कापडाचे तागे गोड्या पाण्यात धुऊन पसरले तर काही किंमत येते, गाळासकट राहिले तर बुरशी धरतात. औषधांच्या बॅच नंबरची यादी हवीच. फ्रीज, मोटर, पंप यांना वीज लावून ‘चालतं का’ बघू नका. आधी धुणं, पूर्ण वाळवणं, मग वायरमनकडून इन्शुलेशन तपासणी.

गाडीलाही तोच नियम. पाण्यात बंद पडलेलं इंजिन स्टार्टर मारून फिरवलं की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबून आकसत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण घेतल्याशिवाय बहुधा नाकारलं जातं. गाडी टो करा.

[दृश्य: भिजलेल्या चोपड्या दोरीवर वाळत घातलेल्या.]

निवेदन:

चोपड्या बुडाल्या तरी हिशेब बुडत नाही. जीएसटी पोर्टलवर 2-बी या विवरणात पुरवठादारांची खरेदी बिलं दिसतात, बँकेकडे स्टॉक स्टेटमेंटं असतात, सीएकडे मागच्या वर्षाचा ताळेबंद. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा विक्रीची खरेदी-किंमत, इतकं मांडलं की पुराच्या दिवशीचा साठा निघतो. भाव खरेदीचा लागतो, एमआरपीचा नाही.

जीएसटीवर बारीक लक्ष हवं. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळतं असं धरून असेसमेंटमधून कर वगळला जातो. पण नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) नुसार परत भरावं लागतं, म्हणजे तो करही दुकानदाराचं नुकसानच. 3-बी या मासिक विवरणपत्रात क्रेडिट उलटवल्याचा (परत भरल्याचा) पुरावा जोडून ती रक्कम मागा. 18 टक्क्यांच्या मालात हा आकडा एक्सेसहून कितीतरी मोठा होतो. गाळ काढण्याचा खर्चही ठरावीक टक्क्यांपर्यंत मिळतो. मजुरांच्या आणि डंपरच्या पावत्या ठेवा.

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. ती वाचल्याशिवाय डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे ठरलेली रक्कम मान्य असल्याच्या कागदावर, सही करू नका. ‘फुल अँड फायनल’वर सही झालीच असेल, तरी विमा नियामकाच्या सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकानुसार तेवढ्याने वाढीव रक्कम मागण्याचा तुमचा हक्क संपत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा 50 लाख. एकल मालकीची दुकानं आणि सूक्ष्म उद्योगही तिथे तक्रार करू शकतात, त्यामुळे उद्यम नोंदणीचा कागद सोबत लावा. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची. अर्जाला दोन पानी तक्ता जोडा: डाव्या रकान्यात सर्व्हेअरने कापलेली प्रत्येक रक्कम, उजवीकडे तुमचा आकडा आणि पॉलिसीतलं कलम.