शालभंजिकेचा हात

ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयातली ही शालभंजिका, म्हणजे झाडाची फांदी धरून उभी असलेली सुंदरी. मूळची ग्यारसपूरची, साधारण दहाव्या शतकातली. ओठांवरचं हसू अजून ताजं आहे, पण हात तुटलेत, पाय अर्धेच उरलेत. सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणावरची यक्षी, म्हणजे वृक्षदेवता, हिच्याहून हजारएक वर्षांनी थोरली, तरी आंब्याची फांदी धरून शाबूत उभी आहे. तिचे हात झाडाच्या दगडातच गुंतलेत. तिथली फांदी शोभेपुरती नाही, ती आधारही आहे.

आज उघड्यावर वृक्षदेवता घडवायची, तर पहिली परीक्षा दगडाची. टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, मुठीने ठोकून पाहा: खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत भेग आहे. मग दगड पाण्याने भिजवा, वालुकाश्माचे थर दिसू लागतात. थर आडवे असणं उत्तम. पण सहा फूट उंच मूर्तीला तेवढा जाड थर खाणीत क्वचितच मिळतो. मग ते उभे ठेवावे लागतात. अशा वेळी थरांची कड समोर येऊ द्या. थर चेहऱ्याला समांतर राहिले, तर पाणी आत शिरतं आणि काही पावसाळ्यांत नाक, छाती पापुद्र्यांसारखी सुटतात.

सहा फूट उंच, दोन फूट रुंद, दीड फूट जाड शिळा एक टनाहून जड भरते. त्रिभंगात, म्हणजे अंग तीन जागी वळवून उभं राहण्यात, कंबर एकीकडे झुकते, म्हणून तोल सांभाळायला खोड पायांना चिकटलेलंच राखा. डोकं आणि उचललेला हात यांमधली पोकळी सगळ्यात शेवटी काढा. तोवर तिथे दगडाचा पडदा हवा. आधीच आरपार केलंत, तर हातोड्याच्या हादऱ्याने मनगटाला तडा जातो. अंबाड्यात, कोपराच्या खोबणीत पाणी साचता कामा नये, उतार द्या.

चौथऱ्यात रोवायला लोखंडी सळई कधीही नको. गंजलं की लोखंड फुगतं आणि दगड आतून फोडतं. स्टेनलेस स्टीलच वापरा. दगडावर वॉटरप्रूफ रंगही नको, आतला ओलावा कोंडून राहतो.

अशोकाला सुंदरीच्या पायाचा स्पर्श झाला की तो फुलतो, अशी कविकल्पना आहे. तरीही ही मूर्ती खऱ्या झाडाखाली ठेवू नका. पाखरांची विष्ठा दगड खाते, आणि तिच्यातून आलेलं पिंपळाचं बी भेगेत रुजतं.

लोक तेल-शेंदूर लावणारच, यक्षी पूजेचीच आहे. पण तेल मुरलं की दगडातून निघत नाही. म्हणून समोर एक छोटी, साधी शिळा बसवा. शेंदूर तिला लागू द्या.