कसाऱ्याचा बँकर आणि एर्बियमचा धागा

दृश्य : सकाळ. नाशिक रोड स्थानक. फलाटावर मोबाइलमध्ये डोकं घातलेले प्रवासी.

निवेदन : पंचवटीची वाट बघताना कुणी मुंबईला व्हिडिओ कॉल लावलाय, कुणी लासलगावचा कालचा कांद्याचा भाव बघतंय. फलाटावरच्या टॉवरपर्यंत हे सगळं येतं ते केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून, प्रकाश होऊन.

काच कितीही शुद्ध असो, वाटेत थोडा प्रकाश खातेच. चांगल्या फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण 0.2 डेसिबल (प्रकाशाची घट मोजायचं एकक). आकडा किरकोळ वाटतो. पण 100 किलोमीटरनंतर हातात उरतो शंभरातला एक भाग. मुंबई ते नाशिक 170 किलोमीटर धरले, तर अडीच हजारातला एक. जेसीबीनं तोडलेले आणि पुन्हा सांधलेले तुकडे त्यात धरलेलेच नाहीत.

दृश्य : कसारा. गाडीच्या मागे इंजिन जोडलं जातंय.

निवेदन : घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. म्हणून इथे मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. डबे तेच, माणसं तीच, फक्त मागून रेटा.

प्रकाशाला असा रेटा देणं बरीच वर्षं जमत नव्हतं. आधी प्रकाशाची वीज करायची, संकेत दुरुस्त करायचा आणि लेझरनं पुन्हा प्रकाश करायचा. म्हणजे कसाऱ्याला सगळी गाडी उतरवून माल दुसऱ्या गाडीत भरायचा! त्यातून एकाच धाग्यातल्या प्रत्येक तरंगलांबीच्या संकेताला यंत्र वेगळं.

1987 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये एमान्युएल देसुर्व्हिर यांच्या गटानं, यावर उतारा दाखवला : एर्बियम. स्वीडनमधल्या इटर्बी गावावरून नाव पडलेलं दुर्मीळ मृदा मूलद्रव्य. काचेच्या गाभ्यात ते अगदी चिमूटभर मिसळायचं आणि असा दहा-वीस मीटर धागा वाटेत जोडायचा.

दृश्य : वेटोळं केलेला धागा, हिरवट उजेडात.

निवेदन : 980 नॅनोमीटरचा पंप लेझर, म्हणजे ऊर्जा पुरवणारा लेझर, एर्बियमच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) ऊर्जेच्या पायऱ्यांवर वर चढवतो. ते एका पायरीवर साधारण 10 मिलिसेकंद थांबून राहतात. प्रकाशाच्या जगात हा मुक्काम फारच लांबला म्हणायचा. तेवढ्यात 1550 नॅनोमीटरच्या आसपासचा संकेताचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आला, की आयन खाली उतरतो आणि अगदी तसाच दुसरा फोटॉन देतो. एकाचे दोन, दोनाचे चार. हजारपटीपर्यंत वाढ मिळते. योगायोग असा, की काच सगळ्यांत कमी प्रकाश खाते तीही नेमकी याच पट्ट्यात. शिवाय या पट्ट्यातल्या डझनावारी तरंगलांबींचे संकेत एकदम जोरदार होतात. मला विचाराल तर खरी कमाई ही. 1996 च्या सुमारास अटलांटिकखालच्या केबलमध्ये असे वर्धक बसले, आणि समुद्राच्या तळाशी प्रकाशाची वीज करण्याची कटकट मिटली.

हा हिरवा उजेड मात्र संकेत नव्हे. जास्तीची ऊर्जा घेऊन आणखी वर चढलेल्या काही आयनांची ती उधळपट्टी. संकेत आणि पंप दोन्ही अवरक्त, डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून उघड्या टोकात डोकावायचं नाही.

फुकट काहीच नसतं. काही आयन संकेताची वाट न बघता आपणहून उतरतात, त्यांचा प्रकाशही वाढत जातो, आणि संकेतात गोंगाट मिसळतो. बँकर मालासोबत धूळही घाटावर चढवतो.

दृश्य : इगतपुरी. मागची इंजिनं सुटतात, उतारानं परत निघतात.

निवेदन : गाडी नाशिककडे पुढे गेली. बँकर पुढच्या गाडीसाठी कसाऱ्याला उतरले. तिकडे धाग्यात फोटॉन देऊन खाली आलेला आयनही पंपाची वाट बघतोय, पुन्हा वर चढायला.