भाव येण्याची वाट : मराठवाड्यातले बायोटेक भागधारक

[दृश्य : लातूरचा मोंढा, सकाळ. सोयाबीनचे ढीग. मुठीत दाणे घेऊन पाहणारा खरेदीदार.]

ऑगस्ट २०२१ मध्ये याच बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. तो आकडा लातूर जिल्हा अजून विसरलेला नाही. पुढे भाव उतरला. ज्यांना झेपलं त्यांनी माल घरात ठेवून दिला. २०२४-२५ च्या हंगामाला हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात तेवढेही मिळेनात. भावासाठी थांबणं इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

तीच सवय आता मोबाइलमधल्या डिमॅट खात्याला, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याला, आणि त्यातल्या बायोटेक कंपन्यांच्या शेअरलाही लागली आहे. पण घरात ठेवलेलं दहा क्विंटल सोयाबीन, थोडी तूट सोडली, तर वर्षानंतरही दहा क्विंटलच भरतं. शेअरचं तसं नाही. खात्यात आकडा तोच दिसतो, पण कंपनीतला तुमचा हिस्सा दरम्यान लहान झालेला असू शकतो.

[दृश्य : टेबलावर काँट्रॅक्ट नोट. नाव आणि कंपनी झाकलेली. बाजूला मोबाइल.]

हा कागद, म्हणजे शेअर घेतल्याची दलालाची पावती, नीट बघा. २०० शेअर, भाव ६४०. म्हणजे १,२८,००० रुपये. दलाली आणि कर वेगळे. शेजारच्या मोबाइलवर भाव आहे १८०. एक लाख अठ्ठावीस हजारांचे राहिले छत्तीस हजार. निवृत्त शिक्षक असोत, मेडिकलवाले असोत, नाहीतर शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीनं काम करणारे असोत, सगळ्यांचं वाक्य एकच : मुद्दल निघालं की बाहेर.

पण ६४० हा आकडा फक्त या कागदावर आहे. तुम्ही कितीला घेतला याच्याशी बाजाराला देणंघेणं नाही. १८० वरून ६४० गाठायचं तर भाव साडेतीन पटींहून जास्त व्हायला हवा. निम्म्यावर आलेला शेअर पन्नास टक्के वाढून मूळ जागी येत नाही. त्याला दुप्पटच व्हावं लागतं. हा साधा गुणाकार बहुतेक फाइलींमध्ये केलेलाच नसतो.

मग कुणीतरी सांगतं, ॲव्हरेज करा. आणखी २०० शेअर १८० ला घेतले. सरासरी आली ४१०. कागदावर बरं वाटतं. पण ४१० गाठायलाही भाव सव्वादोन पटींच्या वर जावा लागतो, आणि आता एकाच कंपनीत अडकलेली रक्कम झाली १,६४,०००. सरासरी खाली आल्यानं कंपनी सुधारत नाही. कंपनी सुधारतेय याचा कागदोपत्री पुरावा हातात असेल तरच ही खरेदी करावी, नाहीतर करू नये.

[दृश्य : प्रयोगशाळा. काचेचे फ्लास्क फिरवणारा शेकर. नंतर स्टीलचा फर्मेंटर, त्यावरचे आकडे.]

आता कंपनी नेमकं काय करते ते पाहू. मराठवाड्यात बायोटेक म्हटलं की आधी आठवतं ते बीटी कापसाचं पाकीट. जालन्याच्या महिकोनं आणलेल्या त्या बियाण्याला केंद्र सरकारच्या समितीनं मार्च २००२ मध्ये परवानगी दिली. शेअर बाजारातलं बायोटेक मात्र बहुतांशी औषधाचं आहे : इन्शुलिन, लशी, कर्करोगावरची प्रथिनं.

यातल्या पुष्कळ औषधांचं मूळ एका छोट्या कुपीत असतं. जिवाणू किंवा यीस्टच्या पेशीत हव्या त्या प्रथिनाचं जनुक घातलेलं असतं, आणि तशा पेशींच्या कुप्या उणे ८० अंशाला किंवा द्रव नायट्रोजनमध्ये जपतात. एक कुपी बाहेर काढायची, वितळवायची, पोषक द्रावणाच्या फ्लास्कमध्ये सोडायची. तुम्ही बघताय तो शेकर मिनिटाला साधारण २०० फेरे मारतो, म्हणजे द्रावणात हवा मिसळत राहते. फ्लास्कमधून लहान फर्मेंटरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या बंद टाकीत, तिथून मोठ्यात. प्रत्येक पायरीला द्रावण साधारण दहा पट.

फर्मेंटरच्या पॅनेलवर तीन आकडे सतत बघायचे : तापमान, पीएच म्हणजे द्रावणाची आम्लता, आणि विरघळलेला ऑक्सिजन. बहुतेक बॅचेस ३० ते ३७ अंशांत चालतात. पेशी वाढल्या की ऑक्सिजन झपाट्यानं संपतो. मग पंख्याचा वेग वाढवायचा, हवा वाढवायची. हवा वाढली की फेस येतो. फेस वर चढून हवा बाहेर पडायच्या फिल्टरला लागला की फिल्टर ओला होऊन तुंबतो आणि टाकीतला दाब चढतो. एखाद्या झडपेतून, ओल्या सांध्यातून परका जिवाणू आत गेला तर तो आपल्या पेशींपेक्षा वेगानं वाढतो. पॅनेलवर आधी ऑक्सिजनचा आकडा अवेळी पडलेला दिसतो. नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की खात्री होते. मग ती बॅच वाचवता येत नाही. वाफेनं मारायची, टाकून द्यायची, टाकी धुवायची, पुन्हा कुपीपासून सुरुवात.

बॅच नीट आली तरी अर्धंच काम झालेलं असतं. पेशी द्रावणातून वेगळ्या करायच्या, प्रथिन पेशीच्या आत असेल तर पेशी फोडायच्या, मग क्रोमॅटोग्राफीच्या एकामागून एक स्तंभांमधून गाळत न्यायचं. प्रत्येक स्तंभात थोडा माल जातोच. शेवटी गोठवून सुकवणं किंवा कुप्यांत भरणं, आणि हे सगळं निर्जंतुक खोलीत. एखाद्या प्रचलित जैविक औषधाची बरोबरी करणारं औषध तयार करून बाजारात न्यायला सात-आठ वर्षं लागणं नेहमीचं आहे. तिमाही निकाल तीन महिन्यांनी येतो. शेअरधारक आणि फर्मेंटर यांची घड्याळं इथंच वेगळी होतात.

[दृश्य : वाळूज एमआयडीसी. पाळी बदलताना कामगारांच्या बस.]

या रस्त्यावर एक उदाहरण उभं आहे, आणि ते जाहीर नोंदीतलं आहे. वोक्हार्ट या औषध कंपनीनं २००३ मध्ये जनुकीय तंत्रानं तयार केलेलं इन्शुलिन भारतात आणलं. पुढे मे २०१३ मध्ये कंपनीच्या वाळूजच्या कारखान्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, आयातबंदी लावली. नोव्हेंबरमध्ये चिकलठाण्याच्या कारखान्यावर. त्या वर्षी मार्चमध्ये शेअर दोन हजारांच्या वर होता. वर्ष संपण्याआधी तो पाचशेच्या खाली आला.

अशी बंदी एका रात्रीत येत नाही, ती पायरीपायरीनं येते. तपासनीस कारखाना पाहतात आणि निघताना त्रुटींची यादी देतात. तिला फॉर्म ४८३ म्हणतात. कंपनीनं १५ कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर पुरेसं वाटलं तर प्रकरण तिथंच मिटतं किंवा कंपनीनं स्वतःहून सुधारणा करायची असा शेरा मिळतो. ‘अधिकृत कारवाई आवश्यक’ असा शेरा, म्हणजे ओएआय, आला की नव्या औषधांच्या मंजुऱ्या सहसा अडकतात. त्यानंतर ताकीदपत्र, आणि शेवटी आयातबंदी. म्हणून ‘४८३ आलं’ एवढ्या बातमीवर घाबरून विकणं जितकं चूक, तितकंच ‘सगळ्यांनाच येतं’ म्हणून दुर्लक्ष करणं. यादीत काय लिहिलंय ते महत्त्वाचं. गळकं छत, तुटकी फरशी महिन्यांत दुरुस्त होते. नोंदी मागाहून लिहिलेल्या, नापास चाचणी पुसून पुन्हा केलेली, संगणकावर सगळ्यांचा एकच पासवर्ड, हे सापडलं तर अख्ख्या कारखान्याच्या कागदांवरचा विश्वास जातो. बाहेरचे सल्लागार आणायचे, जुन्या बॅचेस तपासायच्या, कार्यपद्धती नव्यानं लिहायच्या, माणसं पुन्हा तयार करायची आणि मग फेरतपासणीची वाट पाहायची. यात वर्षं जातात. निर्यात थांबलेली असते. पगार, वीज, व्याज थांबत नाही.

त्या शेअरचं पुढे काय झालं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. मार्च २०२३ मध्ये तो दोनशेच्याही खाली होता. २०२४ च्या अखेरीस चौदाशेच्या आसपास गेला. पण तो वर आला तो नाफिथ्रोमायसिनसारख्या नव्या प्रतिजैविकांच्या आशेवर. अमेरिकेतला जुना जेनेरिक व्यवसाय सुरळीत झाला म्हणून नव्हे. तो बंद करत असल्याचं कंपनीनं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. ‘अमेरिकेची बंदी उठली की भाव येईल’ म्हणून दहा वर्षं बसलेला माणूस चुकीच्या गोष्टीची वाट पाहत होता. आणि दोन हजारांना घेतलेल्याचं मुद्दल अकरा वर्षांनंतरही निघालं नव्हतं.

दरम्यान शेअरची संख्याही वाढली. २०२२ मध्ये कंपनीनं २२५ रुपयांनी राइट्स दिले, म्हणजे असलेल्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ केले, दर दहा शेअरमागे तीन. नंतर २०२४ मध्ये मोठ्या गुंतवणूकदार संस्थांना शेअर देऊन दोनदा भांडवल उभं केलं. २०१३ मध्ये सुमारे ११ कोटी शेअर होते, ते १६ कोटींच्या वर गेले.

[दृश्य : फळ्यावर खडूनं मांडलेला हिशेब.]

हा हिशेब हळू करू. समजा एका कंपनीचा नफा १०० कोटी, शेअर १० कोटी. शेअरमागे नफा १० रुपये. बाजार त्याला वीस पट भाव देतोय, म्हणजे २००. कंपनी अडचणीत आली, कर्ज फेडायला नवे शेअर विकले, शेअर झाले १५ कोटी. काही वर्षांनी नफा पुन्हा १०० कोटी झाला. कंपनी पूर्ण सावरली. पण शेअरमागे नफा आता ६ रुपये ६७ पैसे. त्याच वीस पटीनं भाव येतो १३३. दोनशेवर अडून बसलेल्याला वाटतं बाजार अन्याय करतोय. अन्याय नाही, भागाकार आहे.

राइट्सचं पत्र आलं की छोटे भागधारक ते बाजूला ठेवतात, आणि नुकसान होतं ते तिथं. राइट्सचा हक्क तुमच्या डिमॅट खात्यात वेगळ्या नावानं जमा होतो. पैसे भरून शेअर घ्या, किंवा तो हक्क ठरलेल्या मुदतीत बाजारात विका. दोन्ही केलं नाही तर मुदत संपताच तो रद्द होतो आणि हातात काहीच उरत नाही. वोक्हार्टच्या वेळी १०० शेअरवाल्याला ३० शेअरचा हक्क होता. ते घ्यायला ६,७५० रुपये लागले असते. पैसे नसतील तरी हक्क विकता येतो, हे दलालाच्या कार्यालयात कुणी आपणहून सांगत नाही.

‘प्रवर्तकांनी वॉरंट घेतले’ ही बातमीही जपून ऐकावी. प्रवर्तक म्हणजे कंपनी चालवणारे मुख्य मालक, आणि वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे शेअर घ्यायचा हक्क. वॉरंट घेताना २५ टक्केच रक्कम भरावी लागते. उरलेली १८ महिन्यांत. भाव चढला नाही तर प्रवर्तक उरलेली रक्कम भरत नाहीत, भरलेले पैसे जप्त होतात, आणि कंपनीत येणार म्हणून जाहीर झालेलं भांडवल आलेलंच नसतं.

[दृश्य : नांदेड, दलालाचं कार्यालय. फळीवर फायली. भिंतीवरच्या टीव्हीत लाल आकडे.]

भाव येण्याची वाट पाहत काहींनी लग्नाची तारीख पुढे ढकलली आहे, काहींनी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून घेतलं आहे.

[दृश्य : मोबाइलचा पडदा, जवळून. बोट खाली सरकत जातं.]

आता वाट पाहायचीच असेल तर काय पाहायचं. तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत प्रत्येक कंपनी भागधारणेचा, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत त्याचा, तक्ता शेअर बाजाराला देते. एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका, तक्ता फुकट उघडतो. पहिली नजर प्रवर्तकांच्या ओळीवर आणि तिच्यातल्या तारण शेअरच्या रकान्यावर. तारण वाढत असेल तर भाव पडताच सावकार ते शेअर विकू शकतो आणि घसरण आणखी जोरात येते. दुसरी नजर त्या ओळीवर, जिथं दर्शनी मूल्यानं दोन लाखांपर्यंत भांडवल असलेल्या व्यक्तींची संख्या दिलेली असते. भाव पडतोय, म्युच्युअल फंड कमी होतायत आणि या ओळीतली माणसं हजारांनी वाढतायत, तर समजा मोठे लोक बाहेर पडतायत आणि त्यांचा माल आपल्याकडे येतोय. तिसरी नजर एकूण शेअरच्या संख्येवर. मागच्या वर्षीच्या तक्त्याशी ताडून बघा.

निकाल येतो ४५ दिवसांत; वर्षाचा ६० दिवसांत. नफ्याच्या ओळीवर थांबू नका. रोख प्रवाहाचं पान काढा. नफा दाखवलाय आणि धंद्यातून रोख येत नाहीये असं सलग दोन वर्षं दिसलं, तर येणी कुठं अडकलीत ते शोधा. मुदतीआधी राजीनामा देणारा लेखापरीक्षक ही वेगळी घंटा आहे; त्याच्या पत्रातलं कारण वाचल्याशिवाय एक शेअरही वाढवू नये.

विकायचं ठरलंच तर कराच्या हिशेबात तोटाही कामाचा आहे. वर्षाच्या आत विकल्यास तो अल्पकालीन, कुठल्याही भांडवली नफ्यातून वजा होतो. वर्षाच्या पुढचा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं पाहिजे. शेतीचं उत्पन्न असल्यानं कर लागत नाही म्हणून विवरणपत्रच न भरणारे इथं पुष्कळ आहेत. त्यांचा हा हक्क दरवर्षी वाया जातो.

[दृश्य : लॅपटॉपवर वार्षिक सभा. पडद्यावर संचालक, कोपऱ्यात बोलायची पाळी आलेल्या भागधारकाचं नाव पुसट केलेलं.]

वार्षिक सभेला आता मुंबईला जावं लागत नाही. २०२० पासून सभा व्हिडिओवर घ्यायची परवानगी आहे आणि पुष्कळ कंपन्या ती तशीच घेतात. निदान २१ दिवस आधी ईमेलवर सूचना येते; डिमॅटला जोडलेला ईमेल जुना असेल तर तो आधी बदलून घ्या. सूचनेत बोलण्यासाठी नाव नोंदवायचा पत्ता असतो. डिमॅट खात्याचे डीपी आयडी आणि ग्राहक क्रमांक, आणि प्रश्न आगाऊ पाठवायचे. २०० शेअरवाल्यालाही हा हक्क आहे. भाव कधी येणार हे विचारू नका, त्याचं उत्तर संचालक देणार नाहीत. विचारा : फेरतपासणीसाठी एफडीएला पत्र कधी गेलं? येत्या बारा महिन्यांत किती कर्ज फेडायचं आहे आणि ते कशातून? नवे शेअर काढणार आहात का, आणि काढलेत तर आमचा हिस्सा किती टक्क्यांवर येईल?