व्ह्यूज पडले म्हणून कात्री दोषी नसते

तीन आठवडे बसून मी एक रीमिक्स केलं होतं. एका लांबलचक मुलाखतीतला खोकला, हुंकार, खुर्चीची करकर आणि ग्लास ठेवल्याचा आवाज, एवढ्यावरच ठेका बांधला. दोन दिवस व्ह्यूज चढत राहिले. तिसऱ्या दिवशी आलेख कडा तुटावा तसा खाली आला. माझंच काही चुकलं असं समजून मी रात्रभर पहिले चार सेकंद पुन्हा पुन्हा कापत बसलो. चूक तिथे नव्हतीच. माझ्या फॉलोअर्सना व्हिडिओ दिसत होता, अनोळखी माणसांपुढे मात्र तो जायचा बंद झाला होता. ती रात्र वाया गेली, तशी तुमची जाऊ नये म्हणून आज बोलतोय.

पूर्वी ज्याला फॉलो केलं, त्याचं काम समोर यायचं. आता समोर काय यावं हे बहुतांशी यंत्राने केलेली शिफारस ठरवते, आणि शिफारशीचे निकष बदलत राहतात. यूट्यूबने 2012 मध्ये नुसत्या क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिलं, तेव्हा थोडक्यात बोलणाऱ्यांना ते जड गेलं. इन्स्टाग्रामने एप्रिल 2024 मध्ये जाहीर केलं, की एकसारखे दोन व्हिडिओ सापडले तर शिफारस मूळ व्हिडिओची होईल; आणि 30 दिवसांत दहा किंवा जास्त वेळा दुसऱ्याचं काम जसंच्या तसं टाकणारं खातं शिफारशीतून बाहेर राहील. चोरून टाकणाऱ्यांवर हा बडगा हवाच होता. पण रीमिक्स करणाऱ्याचा कच्चा माल दुसऱ्याचाच असतो. आपण त्यात काय घातलं हे यंत्राला दिसलं नाही, तर उचलेगिरी करणारा आणि आपण एकाच रांगेत उभे राहतो. मला हे फार लागतं.

आता पैशांकडे येऊ. इथे घोळ जास्त आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. यूट्यूब शॉर्ट्सवर 1 फेब्रुवारी 2023 पासून जाहिरातींचा वाटा मिळतो. दोन व्हिडिओंच्या मधल्या जाहिरातींचे पैसे दर महिन्याला एकत्र करतात. व्हिडिओत गाणं नसेल, तर त्याच्या व्ह्यूजमागचे सगळे पैसे निर्मात्यांच्या हौदात जातात. एक गाणं असेल तर निम्मे, दोन असतील तर फक्त एक तृतीयांश. उरलेले संगीताच्या हक्कांसाठी. मग हौदातले पैसे प्रत्येक देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात वाटले जातात आणि आपल्या वाट्याचे 45 टक्के आपल्याला मिळतात. गाणं वापरलं म्हणून आपले 45 टक्के कमी होतात, असं बरेच जण मला सांगतात. तसं होत नाही. कमी होतो तो सगळ्यांचा हौद. खरा फटका वेगळाच आहे: सिनेमाची न कापलेली क्लिप किंवा स्वतःचं काहीही न घालता केलेली जुळवाजुळव असेल, तर ते व्ह्यूज पैशांसाठी धरतच नाहीत.

त्यात 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सच्या व्ह्यूजची मोजणीच बदलली. व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला, की व्ह्यू. आकडे फुगले, पण कमाई जुन्याच हिशेबाने, म्हणजे लोक थांबून पुढे पाहतात त्या व्ह्यूजवर; त्यांना आता एंगेज्ड व्ह्यूज म्हणतात. अ‍ॅनालिटिक्स उघडाल तेव्हा तोच आकडा बघा. आणि किती जणांनी पाहिलं, किती जण स्वाइप करून पुढे गेले, तेही बघा. माझ्या बाबतीत सुरुवातीला मूळ क्लिप तशीच ठेवली की लोक निघून जायचे, कारण ती त्यांनी आधीच पाहिलेली असायची. आता खुर्चीची करकर पहिल्याच सेकंदाला वाजते.

लांब व्हिडिओंचं गणित आणखी निराळं. तिथे कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचं गाणं किंवा दृश्य आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम (हक्काचा दावा) आला, की हक्कदार व्हिडिओ अडवू शकतो किंवा त्याची कमाई स्वतःकडे वळवू शकतो. व्हिडिओ लाखोंना दिसत असतो आणि आपल्या हाती काही येत नाही. आपला वापर योग्य आहे अशी खात्री असेल, तर पाच दिवसांच्या आत हरकत घ्या; मग क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जाते. उशीर केला, तर ती हरकतीच्या दिवसापासूनच राखली जाते. हक्कदाराला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. म्हणून मी संकलनाची फाइल, आवाजांचे सुटे तुकडे, सगळं जपून ठेवतो. क्लेमची मेल आली, की आधी वहीत तारीख लिहितो आणि मग व्हिडिओ उघडतो.